हातातली सुई आणि हाताचे मोल



१८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली आणि पुढे तिची लेकरेबाळे महाराष्ट्राच्या गावोगाव पसरली. पुण्याच्या त्या व्यासपीठावर मोठमोठे विद्वान बोलून गेले. टेंभुर्णीच्या या व्यासपीठावर आज मात्र सातवीत शाळा सुटलेला एक माणूस उभा आहे. माझे वडील सोलापूरच्या गिरणीत साच्यावर होते. त्या गिरण्यांचे भोंगे आता बंद झाले. पुढचे जे काही मी शिकलो ते वाचनालयाच्या बाकावर, युनियनच्या कचेरीत आणि लेबर कोर्टाच्या पायऱ्यांवर शिकलो. चालकांनी मला बोलावले तेव्हा त्यांना वाटले असेल की हा बोनसवर नाही तर किमान वेतनावर बोलेल. मी त्यांना विषय कळवला तेव्हा त्यांनी दोनदा विचारले, “नक्की हाच विषय ना?” नक्की हाच. सलाईनची सुई शिरेतून सुटली आणि औषध शिरेत न जाता मांसात गेले तर माणसाच्या हाताचे काय होते, हा माझा आजचा विषय आहे.

मी डॉक्टर नाही. परंतु यंत्र न बनवता येणाऱ्या कामगारालाही यंत्रात बोट सापडल्यावर काय होते हे ठाऊक असते. तेवढ्याच अधिकाराने मी बोलणार आहे. आणि त्याहून खरे कारण असे की, एका बाईचा हात गेला त्यात माझाही थोडा वाटा आहे. ती हकीकत आधी सांगतो.

आमच्या युनियनमध्ये विड्या वळणारी एक बाई होती. आम्ही सारे तिला अक्का म्हणत असू आणि ती मला अण्णा म्हणे. सोलापुरात विडी कामगार बायकांची संख्या किती मोठी आहे हे आपणांस मी सांगायला नको. विडी वळण्याचे काम बाहेरून सोपे दिसते. कात्रीने पान कापायचे, चिमूटभर तंबाखू भरायची, पान वळायचे, टोक दुमडायचे आणि दोरा गुंडाळायचा. हे दिवसातून शेकडो वेळा करायचे आणि मजुरी हजारावर मोजून घ्यायची. त्या बाईची सारी इस्टेट म्हणजे तिची दहा बोटे. अक्काला डाव्या स्तनाचा कर्करोग झाला. शस्त्रक्रिया झाली आणि नंतर शिरेतून औषधे द्यायचे ठरले. शस्त्रक्रिया झालेल्या बाजूच्या हाताला शक्यतो सुई टोचीत नाहीत, म्हणून प्रत्येक वेळी उजवाच हात पुढे करावा लागे. तीन वेळा औषध झाले. चौथ्या वेळी तिच्या घरचे कोणी मोकळे नव्हते, म्हणून सोबतीला मी गेलो.

शिरा आधीच्या औषधांनी कडक झाल्या होत्या. दोनदा टोचून सुई लागली नाही. तिसऱ्यांदा मनगटाजवळ, हाताच्या पाठीवर लागली. ते औषध लाल रंगाचे असते. थोडे गेले असेल नसेल, तोच अक्का म्हणाली, “अण्णा, जळतंय.” मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, “अक्का, औषध जहाल आहे, जळणारच. थोडं सोसा.” ती दुसऱ्यांदा म्हणाली, तेव्हा मी तिच्या हातावर चादर सारून दिली, कारण पंख्याचे वारे लागत होते. सिस्टर पलीकडच्या खाटेवर गुंतलेली होती. तिला हाक मारायला मला संकोच वाटला. तीस वर्षे कारखान्यांच्या फाटकावर उभा राहून मी कामगारांना सांगत आलो की, अन्याय मुकाट्याने सोसू नका, तोंड उघडा. आणि ज्या घटकेला एका कामगार बाईने तोंड उघडले, त्या घटकेला मीच तिला सोसायला सांगितले.

त्या दिवशी हात नुसता सुजला होता. दोन दिवसांनी लाल झाला, मग फोड आला. काही आठवड्यांत कातडी काळी पडून जखम उघडी झाली आणि आतल्या दोऱ्या दिसू लागल्या. मांडीची कातडी काढून तेथे लावावी लागली. जखम भरली, परंतु बोटे वळेनात. अक्का कर्करोगातून वाचली, आजही हयात आहे. तिची विडी मात्र सुटली ती सुटलीच.

हे असे का होते, ते मी नंतर शोधून वाचले. आपण माढा तालुक्यातली माणसे आहात. भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पुरे झाले आणि तेव्हापासून पाट, पाइप आणि ठिबक या गोष्टी येथल्या पोरासोरांनाही कळतात. ठिबकातून खत सोडताना नळी मध्येच फुटली तर काय होते? पाणी जायचे तेथे जात नाही, एका जागी साचते, आणि खत जहाल असेल तर तेथले पीक करपून जाते. शिरेचेही तसेच आहे. शीर म्हणजे वाहता पाट. त्यात जहाल औषध पडले तरी वाहत्या रक्तात ते पातळ होऊन पुढे जाते. सुई शिरेची भिंत भोसकून बाहेर आली, हात हलल्यामुळे सरकली, किंवा शीर पुढे गुठळीने बंद होऊन टोचल्या जागेतून औषध मागे झिरपू लागले, म्हणजे तेच औषध कातडीखाली साचते. तेथे वाहून नेणारे कोणी नसते.

साचणारे द्रव्य साधे मिठाचे पाणी असेल तर बहुधा फार बिघडत नाही. सूज येते आणि काही काळाने ओसरते. परंतु तेही पुष्कळ साचले तर आतला दाब वाढून रक्ताची वाट बंद होऊ शकते, आणि मग तो दाब मोकळा करायला शस्त्रक्रिया करावी लागते. खरा धोका इतर औषधांचा असतो. काही औषधे इतकी घट्ट असतात की ती पेशींतले पाणीच ओढून घेतात. साखरेचे २५ किंवा ५० टक्क्यांचे द्रावण अशा जातीचे आहे. पोटॅशियम आणि कॅल्शियम यांची इंजेक्शनेही मांसात गेली तर भाजून काढतात. फिट्सवर देतात ते फेनिटॉइन अत्यंत क्षारयुक्त असते, आणि त्याने हात जांभळा पडू शकतो. रक्तदाब टिकवण्यासाठी अतिदक्षता विभागात देतात ते नॉरॲड्रिनलीन रक्तवाहिन्या आवळते. शिरेबाहेर गेले तर ते तेथल्या मांसाचा रक्तपुरवठाच तोडते आणि कातडी प्रथम पांढरी, मग काळी पडते. आणि अक्काला दिले होते ते लाल औषध, डॉक्सोरुबिसिन, यांत सर्वांत वाईट. ते पेशींच्या गाभ्याला चिकटते. पेशी मेली की सुटते आणि शेजारच्या पेशीला धरते. म्हणून जखम पहिल्या दिवशी दिसत नाही, ती आठवडेच्या आठवडे वाढत जाते.

ही गोष्ट केवळ आपल्या गरीब देशातली आहे असेही नाही. अमेरिकेत व्हरमाँट राज्यात २००० साली एक संगीतकार बाई डोकेदुखी आणि मळमळ यांवर उपचार घ्यायला दवाखान्यात गेली. तिला हातात प्रोमेथाझिन नावाचे, मळमळ थांबवणारे औषध सुईने एकदम टोचले. ते रोहिणीतल्या रक्ताला जाऊन भिडले, हाताला गँगरीन झाले आणि तिचा उजवा हात कोपराखाली कापावा लागला. वाद्य वाजवणारीचा हात! तिने औषध कंपनीवर दावा लावला. ते औषध अशा रीतीने एकदम टोचण्याविरुद्ध पुरेशी ताकीद वेष्टणावर दिली नव्हती, एवढेच तिचे म्हणणे. ‘वायेथ विरुद्ध लेव्हिन’ या नावाने तो खटला थेट त्यांच्या सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि २००९ साली ९ पैकी ६ न्यायाधीशांनी बाईच्या बाजूने कौल दिला.

आता कोणी म्हणेल, मग सलाईन लावूच नये की काय? तसे म्हणणे मूर्खपणाचे होईल. पंढरीच्या वारीत एके काळी पटकीच्या साथी येत आणि माणसे पटापट मरत. पटकीच्या रोग्याच्या शिरेत मिठाचे पाणी सोडण्याचा प्रयोग स्कॉटलंडमधील लीथ गावच्या टॉमस लाटा या डॉक्टरने १८३२ साली केला. त्याला दिशा दाखवली ती रोग्यांचे रक्त तपासणाऱ्या ओशॉनेसी या तरुण डॉक्टरने. हेच ओशॉनेसी पुढे कलकत्त्यास आले आणि हिंदुस्थानात तारायंत्राचे जाळे त्यांनीच उभारले. त्या शोधापासून आजवर शिरेतल्या सुईने किती प्राण वाचवले याची गणती नाही. अक्काचा प्राणही तिनेच वाचवला. माझे सांगणे सुईविरुद्ध नाही. ती कारणाशिवाय लावू नये, आणि लावली तर तिच्यावर डोळा ठेवावा, एवढेच माझे सांगणे आहे.

कारणाशिवाय म्हणालो त्याचे थोडे स्पष्टीकरण करतो. ऊसतोडीचा हंगाम संपला, अंग गळून गेले, की आपल्याकडे माणूस दवाखान्यात जाऊन स्वतःच सांगतो, “डॉक्टर, एक सलाईन लावा, ताकद येऊ द्या.” डॉक्टरने गोळ्या दिल्या तर तो डॉक्टरच वाईट ठरतो. मी हिशेब केला. साध्या सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत मीठ असते साडेचार ग्रॅम. ५ टक्के ग्लुकोजच्या तेवढ्याच बाटलीत साखर असते २५ ग्रॅम. साखर कारखान्यांच्या मुलखात राहून आपण २५ ग्रॅम साखरेसाठी हात टोचून घेतो, आणि त्याला ताकद म्हणतो! ज्याला तोंडाने पाणी पिता येते, ज्याला उलटी होत नाही, त्याला बहुधा तोंडाने दिलेले पुरते. १९७१ साली बांगलादेशचे निर्वासित बंगालमध्ये आले, तेव्हा बनगावच्या छावणीत पटकी उसळली आणि सलाईनच्या बाटल्या संपल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पिंपांत कालवून लोकांना पाजले, आणि तीस टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आले. जी ताकद पेल्यातून मिळते तिच्यासाठी शीर फोडू नये.

दुसरी गोष्ट डोळा ठेवण्याची, आणि येथे माझ्यातला कामगार कार्यकर्ता बोलणार. डोळा कोणी ठेवायचा? सिस्टरने. सिस्टर किती? केंद्र सरकारच्या एका निकषाप्रमाणे साध्या वॉर्डात सहा खाटांमागे एक परिचारिका हवी. आपण आपल्या ओळखीच्या दवाखान्यात रात्री अकरा वाजता जाऊन मोजून पाहा. बारा-बारा तासांची पाळी, कंत्राटी नोकरी, महिना संपून गेला तरी पगाराचा पत्ता नाही, आणि एकटीने वीस-पंचवीस सुया सांभाळायच्या. गिरणीत एका कामगाराला दोनाऐवजी चार साचे दिले तर धागे तुटणारच, हे आम्ही मालकांना पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. येथे धाग्याच्या जागी माणसाची शीर आहे. अक्काच्या त्या दिवशीच्या सिस्टरवर माझा राग नाही. ती पलीकडच्या खाटेवर काही गप्पा मारीत नव्हती. म्हणून हात गमावलेल्या रोग्याच्या नातेवाइकांनी डॉक्टरवर वा सिस्टरवर हात उगारणे हा या दुखण्यावरचा उपाय नव्हे. तो गुन्हा आहे, आणि त्यासाठी महाराष्ट्रात २०१० साली स्वतंत्र कायदा झाला आहे. पुरेशा परिचारिका मागणे, त्यांना वेळेवर पगार मागणे, हा रोग्याच्याच हिताचा लढा आहे.

आता हाताच्या मोलाविषयी. १९२३ साली कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला. त्याच्या परिशिष्टात माणसाच्या अवयवांचा दरच लिहिला होता. अंगठा गेला तर कमाईची शक्ती ३० टक्के गेली, एका हाताची चार बोटे गेली तर ५० टक्के, सगळा पंजा गेला तर ६० टक्के. मी तरुण होतो तेव्हा ते परिशिष्ट वाचून मला संताप आला होता. वाटले, हा काय खाटकाचा हिशेब! पुढे कळले की ज्या हाताला कागदावर दर आहे त्या हाताला निदान कोणी तरी जबाबदार आहे. कारखान्यात बोट तुटले तर नोंद होते, चौकशी होते, मालकाला उत्तर द्यावे लागते. खाटेवर पडलेल्या माणसाचा हात गेला तर? केसपेपरवर पुष्कळदा एक ओळसुद्धा नसते. अक्काच्या कागदावर मी शोधली. चौथ्या औषधाची तारीख होती, सूज नव्हती, जळजळ नव्हती, काहीच नव्हते. घडले ते जणू घडलेच नाही.

कायदा अगदीच मुका आहे असे मात्र समजू नका. १९६८ साली पुण्यातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, डॉक्टरने रोगी हाती घेतला म्हणजे योग्य ती काळजी घेणे हे त्याचे कर्तव्य ठरते. १९९५ साली त्याच न्यायालयाने पैसे घेऊन केलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत आणली. जेथे सर्वांनाच सेवा फुकट मिळते ते दवाखाने त्यातून वगळले. ग्राहक आयोगाकडे तक्रार करायला दोन वर्षांची मुदत आहे. आणि २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांनुसार रोग्याने मागितल्यापासून ७२ तासांत त्याला कागदपत्रे मिळाली पाहिजेत. परंतु हेही लक्षात ठेवा की सुई सुटणे म्हणजे प्रत्येक वेळी हलगर्जी नव्हे. उत्तम हातांनी लावलेली सुईसुद्धा सुटते. सुटल्यावर ते वेळेवर कोणी पाहिले का, आणि पाहून काय केले, हा खरा प्रश्न असतो.

तेव्हा घरी जाताना बरोबर नेता येतील अशा चार गोष्टी सांगतो.

सुई लावताना विचारा, हे औषध कोणते आणि शिरेबाहेर गेले तर जहाल आहे काय? जहाल असेल तर मनगट, कोपराचा सांधा आणि हाताची पाठ टाळून कोपराखालच्या सपाट भागात चांगली शीर मिळते का, हे पाहण्याची विनंती करा. कर्करोगाची औषधे अनेक वेळा घ्यायची असतील आणि शिरा खराब असतील, तर मोठ्या शिरेत कायमची नळी किंवा पोर्ट बसवण्याची सोय असते. तिच्याविषयी पहिल्या दिवशीच विचारा, चौथ्या वेळी नव्हे.

सुई असलेला हात उघडा ठेवा. त्यावर चादर नको, घट्ट बांगड्या नकोत. जळजळ, ठणका, सूज, ताठरपणा, कातडी गार वा पांढरी पडणे, थेंब मंदावणे, यांतले काहीही दिसले की लगेच हाक मारा. थेंब मंदावले म्हणून चाक फिरवून ते जोरात सोडणे हा तर घातच. सुई स्वतः उपसू नका आणि औषधही स्वतः बंद करू नका, कारण एखादे औषध रक्तदाबाला धरून असते. मात्र सिस्टर येईपर्यंत हाक थांबवू नका. बेशुद्ध माणूस, भूल दिलेला माणूस, फार म्हातारा माणूस यांना दुखणे सांगता येत नाही, आणि जुन्या मधुमेहाच्या रोग्याला कधी कधी ते जाणवतच नाही. त्यांच्या वतीने तुमचे डोळे बोलले पाहिजेत.

औषध बाहेर गेलेच तर ते थांबवून, सुई काढण्याआधी तिच्यातूनच जेवढे मागे ओढता येईल तेवढे ओढतात, हात उंच ठेवतात आणि औषधाप्रमाणे उतारा देतात. येथे घरगुती इलाज करू नका. हळद-चुन्याचा लेप नको, चोळणे नको, शेकही नको. डॉक्सोरुबिसिनला थंड शेक लागतो आणि व्हिन्क्रिस्टीनला गरम. उलट केले तर नुकसान वाढते. डॉक्सोरुबिसिनवर डेक्सराझोक्सेन नावाचा उतारा आहे, पण तो सहा तासांच्या आत सुरू व्हावा लागतो. “उद्या बघू” या दोन शब्दांत ते सहा तास निघून जातात.

आणि शेवटी, नोंद करा. सुजेच्या कडेने पेनाने रेघ ओढा, वेळ लिहा, फोटो काढा आणि केसपेपरवर लिहायची विनंती करा. घरी गेल्यावरही काही आठवडे त्या जागेवर लक्ष ठेवा. फोड आला, काळे पडले, बोट वळेनासे झाले, तर त्याच दिवशी परत जा.

आपल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांनी १९३८ साली चीनची वाट धरली आणि परक्या देशातल्या जखमी शिपायांची सेवा करता करता १९४२ साली तेथेच देह ठेवला. वैद्यकाच्या धंद्याविषयी माझ्या मनात आदर आहे तो अशा माणसांमुळे. कोटणीसांच्या जिल्ह्यात रोग्याने हाक मारायला संकोचू नये आणि हाक ऐकणाऱ्याला धावत यायला सवड असावी, एवढीच माझी मागणी आहे.

मध्यंतरी मी अक्काकडे गेलो होतो. डाव्या हाताने तिने चहाचा कप पुढे केला. मी म्हणालो, “अक्का, त्या दिवशी मी तुम्हाला सोसायला सांगितलं, ते माझं चुकलं.” ती म्हणाली, “अण्णा, तुम्हाला कुठं ठाऊक होतं?” त्या उत्तराने माझी सुटका झाली असे मला वाटत नाही. परंतु आता मला ठाऊक आहे, आणि आजपासून आपणांसही ठाऊक आहे. यापुढे खाटेवरचा माणूस “जळतंय” म्हणाला, तर “सोसा” म्हणण्याची सवलत आपल्यापैकी कोणालाही राहिलेली नाही.